मोटरला लावलेला कान

बाबा, काल मी तुमचा लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर विमानाच्या मोटरला लावला. दोन माणसांचं छोटं विमान आहे. बॅटरीवर उडतं, धूर नाही, आवाजही फार नाही. त्याची मोटर आमच्या शेडमध्ये तयार झाली. आज सकाळी ते पहिल्यांदा उडणार होतं. उडवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची आहे आणि कागदावर शेवटची सही माझी. पंखा उतरवून मोटर एकटीच फिरवत होतो. हाताखालचा इंजिनिअर म्हणाला, "सर, स्क्रीनवर सगळं हिरवं आहे. करा सही." मी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या जागी टेकवलं आणि मूठ कानाला लावली. घास चावताना खडा यावा तसं काहीतरी लागलं. एकदाच. मग नाही.

दिघीच्या जेटीवर तुम्ही असेच लाँचच्या इंजिनावर वाकलेले आहात. लाँच सुटायची वेळ झालीय, पलीकडे आगरदांड्याला उतरून तळा गावी लग्नाला जाणारी मंडळी नटूनथटून बसलीत. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, कॉलेजचे दोन मित्र बरोबर. तुम्ही कानावरची मूठ काढून म्हणता, "बेअरिंग कुरकुरतंय. उघडून बघितल्याबिगर सोडणार न्हाय." नवऱ्याचा मामा ओरडतो, "आवो डॉक्टर, पेशंटला ताप हाय का? हिकडं मुहूर्त चाललाय!" सगळी लाँच हसते. तासाभराने तुम्ही हात पुसत वर आलात. "काय न्हाय निघालं. बरं झालं." एवढंच बोललात आणि लाँच सोडलीत. मुहूर्त गेलाच होता. त्या इंजिनांच्या आवाजाने पुढे तुमचे कान गेले, आणि मग तुम्ही गेलात. मी रडलो नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. स्क्रूड्रायव्हर घेऊन आलो, तो ड्रॉवरमध्ये होता.

काल मी सही थांबवली. त्या मामासारखा कुणी टोमणा मारला नाही, शिकलेली माणसं आहेत, फक्त एकमेकांकडे बघत राहिली. मोटर उघडली. बेअरिंग स्वच्छ होतं. विमान उडवणाऱ्या मुलीने विचारलं, "सर, काय सापडलं?" तुमचं वाक्य तोंडात तयार होतं. मी म्हणालो, "सेन्सर बदलायचा होता." तिने मान हलवली. आज ती उडाली, उतरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आत काही हललं नाही.

हा कागद स्क्रूड्रायव्हरबरोबर ड्रॉवरमध्येच ठेवणार आहे. तुम्ही इंजिनावर वाकलेले होतात, पाठमोरे, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल. त्या दिवशी मामाच्या बोलण्यावर हसणाऱ्यांत मीही होतो. मित्रांना मी सांगितलंच नव्हतं की हे माझे बाबा.