ओंडक्यातलं शिसं

प्रिय एस्टलदादा,

फोनवर तू येत नाहीस, आणि आलास तरी "बरंय, बरंय" म्हणून फोन पोराच्या हातात देतोस. म्हणून हे पत्र. त्याला मधेच तोडता येत नाही. सोबत काकवीचा डबा पाठवलाय, तो नातवंडांच्या हाती लागू देऊ नकोस. ओहायोत मिळते तिला मी काकवी म्हणत नाही.

तुझ्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली त्या हिवाळ्यात तू बाबांची ठासणीची बंदूक माझ्या पडवीत आणून ठेवलीस. "लीना, वीक नाहीतर चुलीवर टांग. माझा नेम संपला," म्हणालास आणि पोराच्या गाडीत बसून गेलास. मला तुझा इतका राग आला होता दादा, की मी हातसुद्धा हलवला नाही. मग ती बंदूक मी विकलीही नाही आणि टांगलीही नाही. मी ती चालवायला शिकले. हसू नकोस. आमचे होबर्टराव वर्षभर हसलेत, तेवढं पुरे आहे.

सुरुवातीला काय दशा होती म्हणून सांगू! चाप ओढला की गारगोटीची ठिणगी पडते, बाजूच्या पेल्यातली रंजक, ती चिमूटभर बारीक दारू, भडकते, आणि नळीतली दारू पेटेपर्यंत तो एवढासा वेळ जातो ना, तेवढ्यात माझं अंग दचकून बाजूला. गोळी मग कुठेही. एकदा होबर्टच्या वाटाण्याच्या वेलाची काठी मोडली. तो घरातून ओरडला, "अगं, नेम कशावर होता ते तरी सांग, म्हणजे मी तिथेच येऊन उभा राहतो! तिथे गोळी यायची नाही!" उजवी भुवई जळून गेली ती वेगळीच. चर्चमध्ये पाद्र्याच्या बायकोने विचारलं, "स्टोव्ह भडकला का गं?" मी हो म्हणाले.

मग तुझं एकेक आठवायला लागले. तू पोरांना शिकवायचास तेव्हा मी शेंगा सोलत ऐकायची, कळत होतं असं नाही, पण कान उघडे होते. गारगोटीच्या जागी लाकडाचा तुकडा बसवला आणि स्वयंपाकघरात भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरून नुसता चाप ओढत बसले. बीन्स शिजेपर्यंत तेच. चाप सुटल्यावरही नळीच्या टोकाची नेमाची माशी जागची हलली नाही, असं व्हायला उन्हाळा उजाडला. पेला काठोकाठ भरायची माझी हौस होती, जास्त रंजक म्हणजे मोठी ठिणगी, असं मला वाटायचं. ती पेल्यातून नळीत जाणाऱ्या कान्याच्या भोकात शिरून वातीसारखी सावकाश जळायची. आता अर्ध्याहून कमी घालते आणि बंदूक तिरकी करून भोकापासून बाजूला झटकते. बार चटकन होतो.

तरी गोळ्या पसरतच होत्या. शेवटी गवतात शोधून गोळीभोवती गुंडाळून ठासलेल्या चिंध्या गोळा केल्या, तू करायचास तशा. सगळ्या मधोमध जळलेल्या! मी होबर्टचे जुने शर्ट फाडून वापरत होते, आणि ते धुऊन धुऊन विरलेले. मग गादीचं जाड पट्ट्यापट्ट्यांचं कापड आणलं, त्याला चरबी चोळली, आणि दर बारानंतर ओल्या फडक्याने नळी पुसायला लागले. चिंध्या धड निघायला लागल्या आणि गोळ्या एकमेकींच्या जवळ बसायला लागल्या. त्या दिवशी मी एकटीच मक्याच्या शेताकडेला नाचले. होबर्टने पाहिलं असणार, पण हसला नाही. भला माणूस आहे तसा.

तर बातमी ही, की परवाच्या बैलाच्या नेमबाजीत मी उतरले, कापलेल्या बैलाचे वाटे नंबराप्रमाणे जिंकायचे त्या. आपल्या घराची जागा रिकामी राहिली असती ते मला बघवलं नसतं. आपापली निशाणाची फळी कोळशाने काळी करून न्यायची, तर मी तुझीच नेली, उलट्या बाजूवर फुली कोरून. माझा अवतार बघून सगळे फिदीफिदी हसले. अवतार काय होता ते पुढे सांगते. मी पोटावर पडले तसे लाँझोकाका, अजूनही तेच दोरीने गोळीचं फुलीपासूनचं अंतर मोजतात, म्हणाले, "पोरी, झोपलीयस तशीच पड, कुणीतरी येऊन उठवेल!" मी श्वास अर्धा सोडला, चाप ओढला, आणि बार झाल्यावरही फुलीकडेच बघत राहिले. पहिल्या गोळीनंतर हसणं थांबलं. शेवटच्या गोळीनंतर लाँझोकाकांनी दोरी दोनदा लावून पाहिली. मी तिसरी आले, दादा!

मागच्या दोन्ही मांड्या गेल्या होत्या, पुढची तंगडी माझी होती. होबर्ट चक्क मांस गुंडाळायला कॅनव्हास घेऊन उभा. मी म्हटलं, "मला ओंडक्यातलं शिसं हवंय." सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. ते तर नेहमी सगळ्यांत शेवटी उरतं, ज्याच्या वाट्याला येतं तो कुरकुरत खणतो. पाचवा आलेला विल्बर्न माझा हात धरून म्हणाला, "ताई, देव तुझं भलं करो," आणि मी मन बदलायच्या आत तंगडी उचलून पसार. होबर्टने रिकामा कॅनव्हास घडी करून काखेत मारला. पण निशाणामागचा तो ओंडका कुजला होता, यंदा बदलणार होते. त्यात तुझ्या सगळ्या वर्षांच्या गोळ्या होत्या. तळाशी बाबांच्याही असतील. विल्बर्नला त्याचं काय? होबर्टनेच मग छिन्नी घेतली आणि माझ्याबरोबर खणत बसला.

आता अवतार. माझ्या उजव्या डोळ्यावर काळी पट्टी बांधलेली होती, आणि दस्ता डाव्या खांद्याला. पहिल्या दिवसापासून तशीच शिकले. जन्मात डाव्या हाताने चमचा धरला नाही मी. बंदुकीचा पेला उजवीकडे, म्हणजे डावीकडून नेम धरला की भडका थेट तोंडासमोर. भुवई जळाली ती म्हणून. चष्मा लावला की काही होत नाही, आणि भुवई परत उगवते. तू कधीतरी म्हणणारच होतास, की डाव्या डोळ्याने ही बंदूक चालत नाही. ते तुला म्हणता येऊ नये म्हणून मी हे वर्ष घातलं. त्या शिशाच्या गोळ्या बाबांच्या साच्यात ओतून ठेवल्यात, तुझ्या नि बाबांच्या आता एकात एक. वसंतात मी गाडी घेऊन येते. तू पायरीवर बसलेला हवास, बूट घालून. नवी फळी काळी करून ठेवलीय. फुली मी कोरलेली नाही, ती तू कोर.

वाट बघणारी, तुझीच
लीना