सांग, काय शिजतंय

अण्णा, आपल्या बोईसरमध्ये कच्चा मासा ताटलीत वाढणारं एक हॉटेल आहे असं तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही आधी हसला असता आणि मग विचारलं असतं, "चूल पेटत नाय का त्यांची?" चूल आहे. तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, नळ आणि पाइप विकणाऱ्या दुकानाच्या वर, अरुंद जिना चढून गेलं की दहा-बारा माणसांची जागा आहे. कारखान्यांत यंत्रं बसवायला येणाऱ्या परदेशी इंजिनियरांसाठी ते सुरू झालं. ते लोक येतात आणि जातात, आम्ही मात्र टिकून राहिलो. आम्ही म्हणजे मी आणि तुमची नात. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. ती इथल्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि पगार झाला की मला तिथे जेवायला नेते. तिची आई येत नाही. कच्चं म्हटलं की ती तुमच्या पक्षात. सुशी म्हणतात त्याला. सिरका कालवलेल्या भाताचा बोटाएवढा मुटका आणि त्यावर माशाचा पातळ काप. पहिल्यांदा मीही तोंड वाकडं केलं होतं. आता महिना संपत आला की माझे पाय आपोआप त्या जिन्याकडे वळतात.

मी वर्तमानपत्रात खाण्यावर लिहितो, दर आठवड्याला, गेली बरीच वर्षं. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होतो, त्यामुळे हेही तुम्हाला ठाऊक नाही. आज संध्याकाळपर्यंत याच हॉटेलवरचा लेख द्यायचा आहे. लेख वेळेवर देणं ही माझी एकच फुशारकी. पण सकाळपासून बसतोय आणि उठतोय. स्वयंपाकघरात जाऊन हिंगाची डबी उघडली, नाकाशी धरली, झाकण लावलं. परत येऊन एक ओळ लिहिली, खोडली. पुन्हा उठलो आणि काडी पेटवून विझवली. मग तो कागद बाजूला सारून हा घेतला.

काल संध्याकाळी आम्ही नेहमीच्या जागी, काउंटरला लागून बसलो. सुशी करणारा माणूस कालिम्पाँगकडचा. तो गरम भात लाकडी परातीत ओततो, त्यावर सिरका शिंपडतो आणि फळीनं भात उलथत राहतो. त्या वाफेसाठी मी मुद्दाम लवकर जातो. आंबूस, गोडसर, थोडी ओल्या लाकडाची. ती नाकात शिरली की मला भूक लागते. काल वाफ आली. चष्म्यावर धुकं धरलं. नाकात काहीच शिरलं नाही.

"सर, आज आप बहुत चुप हैं," तो म्हणाला. "लिखना है क्या हमारे ऊपर?"

"लिहितायत म्हणून तर गप्प आहेत," पोरगी म्हणाली. "पप्पा, इतर वेळी तुम्ही कुत्र्यासारखे हुंगत बसता. लोक बघतात."

पावसाळ्यात सर्दी झाली होती. ती गेली आणि जाताना वास घेऊन गेली. येईल परत, असं म्हणत मी तीन महिने काढले. कॉफी कोमट पाण्यासारखी लागते, पेरू नुसता गोड लागतो. काल समोरच्या हिरव्या तिखट गोळ्याचा मोठा तुकडा मी तोंडात टाकला. वासाबी म्हणतात, आपल्या मिरचीसारखं ते जिभेवर जळत नाही, सरळ नाकात चढतं. डोळ्यांतून पाणी आलं आणि मला इतका आनंद झाला, की मी काउंटरवर थाप मारली. पोरगी हसली. मग हसायची थांबली.

त्या माणसानं समुद्री शेवाळाचा कागदासारखा तुकडा आचेवरून फिरवला. मी तिला सहज म्हणालो, "डोळे मीट. सांग बरं, कसला वास येतोय?"

आणि अण्णा, तो आवाज माझा नव्हता.

कुंभवलीच्या आपल्या दोन खोल्या. कारखान्यातली पहिली पाळी संपवून तुम्ही येता, मोरीत बराच वेळ हातपाय धुता. ॲसिडच्या खात्यातला शर्ट आई वेगळ्या बादलीत टाकते. तुम्ही मला मांडीशी ओढता. "डोळे मीट. सांग, काय शिजतंय?" आपला हा रोजचा खेळ. एकदा मला बाहेर पोरांत जायची घाई होती, तेव्हा मी म्हणालो, मच्छी. तुम्ही माझा दंड असा दाबलात की मी कळवळलो. "मच्छी म्हंजे कोनती? ओली का सुकी? कांदा परतलाय का अजून कच्चा हाय? नीट सांग." मी रडत रडत सांगितलं, की सुका जवळा आहे, कांदा लाल झालाय, लसूण एका बाजूनं करपतोय आणि कोकम अजून पडलं नाही. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. दंड सोडून त्याच हातानं माझं डोकं चोळलंत. पुढे मला बरेच संपादक भेटले. तुमच्याहून कडक कुणी भेटला नाही, आणि तुमच्याहून मन लावून माझं कुणी ऐकलंही नाही.

ती मांदेलीची सकाळ आठवते? तुम्ही बाजारातून पिशवी भरून आणलीत. आई विळीवर बसली आणि तशीच उठली. "दातिवऱ्याचे ना तुमी? बापाची होडी होती ना? सडकी मच्छी उचलून आनली! नाकाला काय झालं तुमच्या?"

"वर बर्फ होता," तुम्ही म्हणालात.

"बर्फाला काय वास नसतो?"

पिशवी उचलून तुम्हीच बाहेर टाकून आलात. त्यानंतर बाजारात जाताना तुम्ही मला न्यायला लागलात. मासा उचलून आधी माझ्या नाकाशी धरायचात. "बघ रे." मला वाटायचं, मला शिकवताहात. वर्गातल्या पोरांना मी ऐटीत सांगायचो, की आमच्या घरचा मासा मीच निवडतो.

तुम्हालाही वास येत नव्हता. काल सगळं एकदम जागेवर बसलं, आणि तेव्हापासून मी एका जागी बसू शकत नाही. आईचं ते चुलीपुढचं बोलणंही आठवलं. त्या मांदेलीनंतर ती मोठ्यानं बोलत स्वयंपाक करायला लागली होती. "चिंच घातली बरं का." "खोबरं भाजतेय, खरपूस सुटलंय." आम्ही पोरं तिची नक्कल करायचो. तिला कळलं होतं, अण्णा. तिनं पुन्हा कधी नाकाचं नाव काढलं नाही. आता विचारायला तीही नाही. तुम्ही दोघांनी ते आमच्या नाकासमोर लपवलं आणि मला त्यातून एक धंदा मिळाला. कोकम पडलं की नाही हे माणसाला कळेल असं सांगणं, यापलीकडे मला आजही काही येत नाही.

काल पोरीनं डोळे मिटले. "भरतीचं पाणी ओसरल्यावर खडकांना येतो ना, तसा," ती म्हणाली. "आणि वरून भाजलेल्या तिळासारखा." मग डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिली. तिचं कामच बाटलीतलं काय बिघडलंय ते ओळखण्याचं. "पप्पा, तुम्हाला येत नाहीये का?"

मी तुम्हाला हा प्रश्न कधी विचारला नाही. तो विचारता येतो हेच मला माहीत नव्हतं. तिनं विचारला, आणि मी म्हणालो, "जरा सर्दी आहे."

पुढची ताटली आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "सुरमई आहे. वास अगदी कमी, काकडीसारखा." त्याच्या पुढच्या ताटलीलाही तसंच. मी मान हलवत गेलो. निघताना काउंटरपलीकडच्या माणसानं विचारलं, "कैसा था, सर?" मी म्हणालो, झकास. तुम्ही आईला म्हणायचात तसंच.

दुपारी तिचा मोबाइलवर निरोप आला. पालघरला नाक-कान-घशाचे डॉक्टर आहेत, गुरुवारची वेळ घेतली आहे, मी सुट्टी टाकते, तुम्ही यायचं. डॉक्टरची भीती नाही. एकदा होय म्हटलं, की मग पुढचा प्रत्येक लेख कुणाच्या नाकानं लिहायचा, हे कुणीतरी विचारणार. तुम्हालाही असंच वाटायचं का? का तुम्हाला नुसती लाज वाटत होती, दातिवऱ्याचे असून नाक गेलं याची?

मघाशी लेख पाठवला. वेळेच्या आधीच. त्यात भरती ओसरलेल्या खडकांची एक ओळ आहे, सगळ्यांना आवडेल अशी. ती माझी नाही.

पोरीला मात्र 'येतो' एवढंच कळवायचं आहे. तुम्हाला इतकं सगळं लिहून झालं, पण तो एक शब्द अजून तिला पाठवलेला नाही.