कोंबड्यांची चौथी न्याहारी

वेस्ट्रे बेट, ऑर्कनी
१४ मार्च

प्रिय एर्लेंडदादा,

आदरपूर्वक नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? इकडे वारा नेहमीसारखाच, त्यामुळे मी पडले तरी वाऱ्यानं पाडलं म्हणायची सोय आहे.

माझ्या मल्टिपल स्क्लेरोसिसनं, या नसांच्या आजारानं, आधी पाय धरले, मग डोळे, आता त्यानं डोक्यात बिऱ्हाड थाटलंय. नवं काही लक्षात राहत नाही. (जुनं सगळं राहतं. तू माझी सायकल समुद्रात घातलीस तेसुद्धा.) म्हणून ग्लासगोच्या रोनाबाई दर मंगळवारी कॉम्प्युटरवरून माझ्या स्मरणशक्तीची तालीम घेतात. त्या म्हणाल्या, प्रत्येक काम कागदावर लिहा, दारामागे लावा, झालं की खूण करा. उपाय उत्तम, पण आपल्या बेटावर कुणी दार वाजवत नाही, सरळ आत येतं, हे त्यांना सांगायचं मी विसरले. (विसरते म्हणूनच तर तालीम!)

सोमवारी लिहिलं, 'कोंबड्यांना दाणे'. शेजारचा मॅन्सी आला, मी आडवी पडलेली पाहून हाक न मारता दाणे घालून गेला. मग त्याची बायको इंगा. मग पोस्टवाली. खूण कुणीच केली नाही, म्हणून मी उठून इमानेइतबारे चौथ्यांदा घातले. कोंबड्या अजून बसूनच आहेत. इंगाला विचारलं तर म्हणते, "अगं, लिहिलंस तर करणारच ना! आम्ही काय आंधळे आहोत?"

गुरुवारी लिहिलं होतं, 'दादाला फोन'. तुला तिघांचे फोन का आले, त्याचा खुलासा हा. तोवर इंगाला खुणेचं कळलं होतं. तिनं खूण केली, म्हणून मी फोन केला नाही. मॅन्सी म्हणाला, "बरा बोलला की तुझा भाऊ, चांगली वीस मिनिटं!" मला बरं वाटलं आणि मग रडू आलं. माझ्याशी तू नाताळनंतर बोललेला नाहीस. (वहीत तपासलं. मीच विसरले असेन अशी आशा होती.) घरात रोज माणसं येतात, कामं उरकतात, पण बोलताना माझा एखादा शब्द हरवला की तो सापडेपर्यंत त्यांचा हात कडीवर गेलेला असतो. फार एकटं वाटतं, दादा.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
थोरा

ता. क. रोनाबाईंचा एक गृहपाठ आहे. दर रविवारी घरच्या माणसाला आठवड्याची हकिकत सांगायची, त्यानं तीन प्रश्न विचारायचे, ते लिहून ठेवायचे. मी तुझं नाव दिलंय.

ता. क. २. गेले चार रविवार तुझे प्रश्न मीच लिहिले. बाई म्हणाल्या, भाऊ किती मायेनं विचारतात! आता त्यांना मंगळवारी तुझ्याशी बोलायचंय. त्याआधी रविवारी एकदा फोन कर. पहिला प्रश्न लिहून देते: 'थोरा, कशी आहेस?' उरलेले दोन तुझे तू विचार.