करवंटीतली खिडकी

आगाशी

ती. शांताताईस, धाकट्या दिनानाथचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे, भावोजींची साखर आणि नाशिकची थंडी आपापल्या जागी असतील अशी आशा. आम्ही इकडे मजेत; म्हणजे माझ्या डोक्यातली गाठ सोडून बाकी सगळं मजेत. ती पुढच्या महिन्यात काढायची आणि काढणार कोण, तर तुझा लेक सिद्धेश. (लहानपणी याला फणसातली आठळी धड निघत नसे, पण ते असो.)

आता त्याच्या इस्पितळाची कथा ऐक. मेंदूच्या डॉक्टरांनी माणसाआधी दुसऱ्या कशावर तरी हात बसवावा म्हणून तिथे प्रयोगशाळा आली. परदेशातून दुर्बीण आली, ड्रिल आलं आणि पाठोपाठ कुलूप आलं, कारण उद्घाटन व्हायचंय आणि इस्पितळाच्या साहेबांना सवड नाही! गरीब देशांतल्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष हाताने शिकावं, असं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय म्हणे. ते बिचारे दाराच्या काचेतून डोळ्यांनी शिकतात. मग आमचे चिरंजीव कुठे शिकणार? मामाच्या वाडीत! बाजारातून ड्रिल आणलं आणि धरले माझे नारळ. करवंटीला चौकोनी खिडकी पाडायची, पण आतल्या खोबऱ्याला ओरखडा नको. करवंटी म्हणजे कवटी, खोबरं म्हणजे मेंदू. पहिली टोपलीभर वाया गेली. पाणी आमचा गडी काशीराम प्यायला, खोबरं आम्ही आठवडाभर खाल्लं, आणि दर 'खट्'ला माझा हात आपोआप टाळूवर जायचा.

अखेर एक साधला. थेंब गळला नाही. तुकडा गोंदाने परत बसवला तर सांधा दिसेना. आमच्या सुहासिनीने (बायको माझी, पण हळवी त्याच्यासाठी) तो देव्हाऱ्यात ठेवला. आणि नेमकं उद्घाटन ठरलं! मामांच्या वाडीतला नारळ आणा, असा सिद्धेशला इस्पितळातून निरोप. हिने देव्हाऱ्यातलाच उचलला, वर हळदकुंकू थापलं. साहेबांनी दुर्बिणीपुढेच तो ऐटीत आपटला, झाकण उडालं आणि पाणी सरळ दुर्बिणीच्या पोटात. झालं! दुर्बीण दुरुस्तीला, कुलूप पुन्हा दाराला. मोठे डॉक्टर सिद्धेशवर डाफरले, आता पुढचा नारळ तुझ्याच हातात देतो. तर ही म्हणते, बघा, किती मान देतात पोराला!

हसतोय खरा, ताई, पण मनातून चीड येते. कला पोराच्या हातात, किल्ली साहेबांच्या खिशात, आणि मधल्यामधे डोकं माझं.

तुझा,
दिनानाथ

ता. क. माझ्या डोक्याला हात लावेल तर सिद्धेशच. त्याला तसं ठणकावून सांगितलंय.

ता. क. आणखी एक. ऑपरेशनला येशील तेव्हा तुझ्या नणंदेच्या ओळखीच्या त्या मुंबईच्या डॉक्टरांचा नंबर गुपचूप आण. पोराला कळलं तर खचेल गं. पत्र टाकायला त्याच्याकडेच देतोय, पण पाकीट पक्कं चिकटवलंय.

(खाली, वेगळ्या अक्षरात)

आई, पाकीट जरासुद्धा न फाडता उघडलं. एवढा हात बसलाय. तरी नंबर आणच. पाकीट पुन्हा चिकटवता येतं.

सिद्धेश