फँटमचं वय

१५ सप्टेंबर, सोमवार

सस्काटूनमध्ये नोकरीचा पहिला दिवस! ब्रॅम्पटनच्या त्या बेसमेंटमधून सुटलो एकदाचे. नवरा माझा, आशेर, खूश, कारण त्याला पोटॅशच्या खाणीत मनासारखं काम मिळालं. मी खूश, कारण हॉस्पिटलचं सीटी स्कॅनचं मशीन नवंकोरं आहे. माझ्या सीनियर प्रमिलाताई मूळच्या साताऱ्याच्या. तीस वर्षं झाली इथे, तरी बोलण्यातला ठसका तसाच. लियात हे नाव त्यांनी पहिल्या फटक्यात बरोबर उच्चारलं, म्हणजे जिंकलंच मला. लगेच बजावलंही, की इथे डोसची उधळमाधळ चालणार नाही. पेशंटला लागेल तेवढंच रेडिएशन, वर जराही नाही.

माझी ड्युटी सकाळी सातला. पेशंट यायच्या आधी फँटम स्कॅन करायचं. फँटम म्हणजे पाण्याने भरलेला प्लॅस्टिकचा बंद डबा, आपल्या पोळ्यांच्या डब्याएवढा. पडद्यावर तो सगळीकडे सारखा राखाडी दिसला की मशीन ठीक. शहाळं हलवून आतलं पाणी ओळखणारी कोकणातली माणसं आम्ही, हे काय कठीण!

२९ सप्टेंबर, सोमवार

पाच आठवडे पुरे! वॉशरूममध्ये तीनदा टेस्ट केली. आधीची दोन राहिली नाहीत, त्यामुळे आनंदानेसुद्धा छातीत धडधडतंय. सासूबाईंनी ठाण्याहून फोनवर दम भरला, तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला म्हणून सांगायचं नाही. मागच्या वेळी मी गावभर सांगत सुटले आणि दृष्ट लागली, असं त्यांचं म्हणणं. आम्हा ज्यूंच्या नवसाला पावणाऱ्या एलियाहू हन्नबीला मलिद्याचा नवस बोलल्यात.

हॉस्पिटलचा नियम असा, की दिवस गेल्याचं कळलं की लगेच सांगायचं. मग पोटावर एक वेगळा बॅज लावतात, बाळाला किती डोस पोचतो ते मोजायला. पण मी तर शिशाच्या काचेमागे बसते. सात आठवड्यांचा प्रश्न. बसेन गप्प.

८ ऑक्टोबर, बुधवार

प्रमिलाताईंचा पारा चढला आज. प्रत्येक स्कॅनचा डोस कॉम्प्युटरच्या यादीत आपोआप जातो. त्यात एक पेशंट लाल रंगात. नाव नाही, वय सहा आठवडे, रोज सकाळी सात दहाला मोठ्या माणसाचा पुरा डोस. एवढ्याशा जिवाला मोठ्यांचं सेटिंग लावलं कुणी, म्हणून कडाडल्या. मी म्हटलं, अहो ताई, सात दहाला मी फँटम स्कॅन करते. तेव्हा त्याही हसल्या. सॉफ्टवेअरची गफलत असेल, आयटीला कळवते म्हणाल्या.

२० ऑक्टोबर, सोमवार

आयटीवाल्याला काही सापडलं नाही. लाल ओळ तशीच आहे. वय आठ आठवडे.

माझेही आज आठ पुरे झाले. योगायोग. मी पण ना, काहीतरीच मनात आणते.

३ नोव्हेंबर, सोमवार

डबा आज सारखा राखाडी नव्हता. मधोमध बारीक पांढरी रेघ, जराशी वाकलेली, मणके मोजता येतील अशी. आठ वर्षं पाठीचे कणे बघतेय मी, मला ओळखू येणार नाही? डबा उजेडात धरला. नितळ पाणी.

तरी रजिस्टरमध्ये ‘ठीक’ लिहिलं. नाहीतर ताई विचारणार, आणि मी काय सांगणार?

५ नोव्हेंबर

फँटम स्कॅन केलंच नाही. खोटी सही ठोकली. डबा कपाटात, वर कुलूप.

तरी सात दहाची ओळ आली. डोस दुप्पट.

१३ नोव्हेंबर

ताईंना सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, अगं वेडे, त्याच दिवशी बोलली असतीस तर तुला मशीनपासून लांब ठेवलं असतं. ज्याची नोंदच नाही त्याला आम्ही सांभाळायचं कसं? मी खूप रडले. उद्यापासून घरी. सोमवारी अल्ट्रासाऊंड.

१७ नोव्हेंबर

बारा आठवडे. अल्ट्रासाऊंडवाल्या मुलीने स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवली. काय असलं की असं वळवतात ते मला माहीत आहे. पण दिसलं मला— सगळीकडे सारखं राखाडी. नुसतं पाणी.

आशेर गाडी आणायला गेला. मी खाली सीटीकडे आले. कुणी नाही. पर्समधल्या वहीत लिहितेय. डबा मशीनच्या टेबलावर आहे, मी ठेवलेला नाही.

पडद्यावर वय बारा आठवडे. आता नावही आलंय. ‘लियातचं बाळ’.

माझं बाळ त्या डब्यात आहे. बघायचं तर बटण दाबावं लागणार, आणि दाबलं की त्याला पुन्हा— रोज सकाळी, मीच, या हाताने—

लहान मुलांचं सेटिंग लावलंय. कमीत कमी. एकदाच बघू दे रे देवा, एकदाच—

सेटिंग बदललं. मोठ्यांचं झालं. मी नाही केलं— बटणाला हात लावला नाही मी— दारावरचा रेडिएशनचा लाल दिवा लागला— टेबल आत सरकतंय—

मी आत जातेय. डबा ओढून काढ