फोटोत शर्ट राहू द्यावा

लिहून ठेवते मी, मनकर्णा आसाराम गर्जे, वय सदुसष्ट, धंदा शेती, राहणार माळवस्ती, ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर. गुडघे गेले आहेत, डोकं गेलेलं नाही. हे मी राजीखुशीने लिहीत आहे. मला धाक घालणारा माणूस या तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे.

१. राहतं घर मुलगा कल्याण व सून ज्योती यांना. डोंगराकडची जमीन कल्याण आणि मुलगी पंकजा यांना निम्मी निम्मी. पंकजाकडून हक्कसोड लिहून घ्यायला कोणी स्टँपपेपर आणू नये.

२. माझ्या सात शर्टांपैकी निळा सोडून बाकीचे सहा पंकजाला. हे शर्ट कसले, ते कोर्टाला कळावं म्हणून लिहिते. मी एकोणीस वर्षांची असताना कोपरगावकडे ऊस तोडायला गेले. पाचटाने हात सोलून निघत, म्हणून फडात सगळ्याच बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घालत. गावी परतल्या की काढून ठेवत. मी काढला नाही. लुगड्याला खिसा नसतो आणि माझ्यासारख्या फिरत्या बाईला खिसा लागतो. पुढे कानिफनाथ टेलरकडून माझ्या मापाचे शिवून घेतले, लांब बाह्यांचे, दोन खिशांचे. त्याच शर्टात मी टोळीची मुकादम झाले, बँकेत गेले, ग्रामसभेत उभी राहून बोलले. लोक हसले. हसून हसून दमले, आणि मग त्यांच्याच बायका कानिफनाथकडे मापं द्यायला गेल्या. याचा मला अभिमान आहे.

३. शर्ट एकदाच काढला. पंकजाच्या लग्नात धाकटे दीर बिभीषण म्हणाले, "वहिनी, पाव्हनं काय म्हनतील? आजच्या दिस काढा तेवढा." मी जावेची भरजरी साडी नेसले. पाठवणीला पंकजा गळ्यात पडली आणि म्हणाली, "आई, तू आज पाव्हनीवानी दिसतीस." अठरा वर्षं झाली, ते अजून सलतं. शर्ट तिला देण्याचं कारण हेच.

४. आमचे मालक वारले तेव्हा नगरच्या एका स्टुडिओतून त्यांच्या फोटोला कोट आणि टाय चढवून आणला. माणूस जन्मभर पायजम्यात. आता मी हार घालते तो कुठल्यातरी साहेबाला. माझ्या फोटोला पैठणी चढवू नये. ग्रामसभेतला निळ्या शर्टाचा फोटो कल्याणच्या मोबाईलमध्ये आहे, तोच भिंतीवर लावावा.

५. शेवटच्या दिवशी माहेरचं लुगडं येईल, ते नेसवावं. माहेरचा मान राखावा. त्यावर निळा शर्ट घालावा. अंग ताठरायच्या आधी घालावा, नंतर हात बाहीत जात नाही. ही जबाबदारी ज्योतीची. भावकी आडवी आली तर तिने हा कागद पुढे करावा.

भावकीत आडवं येणारं माणूस कोण, हे मला ठाऊक आहे. म्हणून साक्षीदार म्हणून बिभीषण भाऊजींनाच बोलावलं आणि इथपर्यंतचा कागद वाचायला दिला. त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, "वहिनी, एक लिवायचं राह्यलं. वरचं बटन लावू नका म्हनावं. तुमी कदी लावलं न्हाई."

६. वरचं बटण लावू नये.

ठिकाण: पाथर्डी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६

लिहून ठेवणार: मनकर्णा आसाराम गर्जे (सही)

साक्षीदार:
रतनबाई खेडकर, टोळीतली जोडीदारीण (डाव्या हाताचा अंगठा)
बिभीषण गर्जे, दीर (सही)