बटण सोडल्यानंतरची खरखर

बाबा,

बोलून बटण सोडलं की वायरलेस सेटमधून अर्धा सेकंद खरखर येते आणि मग एक बारीक बीप वाजतं. तो आवाज टेकडीवरून सगळ्यांचं बोलणं पुढे पाठवणाऱ्या रिपीटरचा आहे, तो सगळ्यांनाच ऐकू येतो. आईला बोलायचा कंटाळा आला की ती नुसतं बटण दाबून ‘हो’ कळवायची, म्हणून तुम्हाला ते तिचं उत्तर वाटतं. पण तिचा सेट ती गेल्यापासून माझ्या कपाटात बंद आहे.

तुम्ही सकाळी तिला हाक मारता तेव्हा आपल्या वायरलेस क्लबमधलं कुणीच मध्ये बोलत नाही. दाढीवाले काका काल म्हणाले, “पोरी, आमची जीभ रेटत नाही. तूच सांग.” समोर बसून मलाही जमलं नाही, म्हणून लिहितेय.

टेबलावर तुमच्यासाठी नवा सेट आहे. याची बटणं मोठी आहेत, चष्मा शोधावा लागणार नाही. चार्जरचा दिवा हिरवा झाला की काढून घ्या. भाजी गरम करून जेवा.

निघण्याआधी मी सेटवरून सगळ्यांना सांगितलं, “आई आता नाही, हे बाबांना लिहून ठेवलंय. उद्या बाबांनी हाक मारली तर गप्प बसू नका, आपापल्या नावाने त्यांना उत्तर द्या.”